तीन शिट्ट्या

कुकरखाली गॅस पेटला तेव्हा अख्खं घर सामना बघायला बसावं तसं स्वयंपाकघरात जमलं होतं. मधोमध खुर्चीत लेक. त्याच्या शेजारी कागद-पेन्सिल घेऊन सून. ओट्यावर पाय सोडून बसलेली नात, टिटवी. आणि गॅसपाशी आई, कंबरेवर हात ठेवून, पहारेकऱ्यासारखी.

"तीन झाल्या की आपण जिंकलो ना बाबा?" टिटवी कुजबुजली.

नाव टिटवी, पण नऊ महिने कुजबुजतच होती बिचारी. कारखान्यातला बॉयलर बाबाच्या डोळ्यांदेखत फुटला, तेव्हापासून घरात आईचा कायदा होता. दार आपटायचं नाही. खुर्ची सरकवायची नाही, उचलून ठेवायची. भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. कुठं फुस्स झालं की तिचा सहा फुटी लेक पलंगाखाली जायचा, आणि कुणी त्याला वेडा म्हटलं की म्हणणाऱ्याच्या सात पिढ्यांची उणीदुणी आई जिन्यातच काढायची.

वेडबिड काही नाही, हा घाव बसल्याचा आजार आहे आणि त्याला उपचार आहे, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. दीड महिना लेक त्यांच्याकडं जात होता. मोबाइलवर शिट्टी ऐकून झाली, आधी बारीक, मग मोठी. आज खरी.

कुकरमधून वाफ सरळ वर येऊ लागली. लेकानं खुर्चीच्या कडा धरल्या. सगळ्यांनी श्वास रोखले.

वाफ येत राहिली. शिट्टी काही होईना.

"आई," सून हळूच म्हणाली, "शिट्टी लावलीच नाही तुम्ही."

"नसेल सापडत. नऊ महिने वापरलीय का कुणी?"

"आई, तुझ्या कमरेच्या पिशवीत आहे ती," लेक म्हणाला. "दवाखान्यातसुद्धा घेऊन आली होतीस. बसलीस की खणकन वाजते."

आईचा हात पिशवीवर गेला. "बघा! एवढं तेवढं ऐकू येतं याला. माझं सांगणं तेवढं ऐकू येत नाही. बटाटेच उकडायचेत ना? पातेल्यात उकडतील. पातेल्याला काय धाड भरलीय?"

"बाई काय म्हणाल्या, सांग."

"मला काय विचारतोस? मी कुठं शिकलेली!"

"सांग ना."

आईनं मान वळवली. "म्हणाल्या, स्फोट होऊन संपला, पण तुमच्या अंगाला अजून खबर पोचली नाही."

"मग पोचवू या की खबर." त्यानं हात पुढं केला.

पिशवीची नाडी सोडायला आईला फार वेळ लागला. शिट्टी तिच्या अंगाच्या उबेनं कोमट झाली होती.

लेकानं स्वतः ती चढवली. बसवताना झाकणावर शिट्टीचा ताशा वाजला. पण चढवली, आणि येऊन बसला.

पहिली झाली. त्याचे डोळे मिटले, मानेवरच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या. उठतोय, उठतोय, असं वाटलं.

"अहो, भीती शंभरात किती?" सुनेची पेन्सिल तयार.

"पंच्याण्णव."

"पाय जमिनीवर आहेत ना?"

"आहेत."

दुसरी. "नव्वद. नाही... पंच्याऐंशी."

तिसऱ्या शिट्टीला त्याचा सदरा घामानं चिंब झाला होता, पण त्यानं डोळे उघडून कुकरकडं बघितलं. नीट बघितलं, जसा पूर्वी बॉयलरचा काटा बघायचा.

"सत्तर," तो म्हणाला. "लिही! सत्तर!"

"जिंकलो!" टिटवी किंचाळली, नऊ महिन्यांचं सगळं एकदम. सवयीनं आईचा हात तिच्या तोंडाकडं धावला. लेकानं तो वाटेतच धरला.

"ओरडू दे तिला."

सून हसत, डोळे पुसत म्हणाली, "आई, आणि तुमचे किती?"

"माझे?" आईनं दोन्ही कानांवरून पदर बाजूला केला. तो तिथं कधी गेला, तिलाच कळलं नव्हतं. "शंभरच्या शंभर. आता बंद करा तो गॅस, बटाट्यांचा लगदा झाला असेल."

"राहू दे," लेक म्हणाला. "अजून एक होऊ दे."

आईनं त्याच्याकडं बघितलं. मग कोपऱ्यातलं लोखंडी स्टूल धरलं आणि न उचलता, फरशीवरून करकरत ओढत आणून ती त्याच्या शेजारी बसली.