नवीनच टाक

“नवीन टाक,” भैय्यालाल म्हणाले, आणि भुपेंद्रच्या हातातला चहा सांडता सांडता राहिला.

हा माणूस एकाच चपलेला पाच-पाचदा टाके घालून आणणारा. फुटक्या बादलीला डांबर लावून तीच वापरणारा. आणि आज अड्याळच्या गॅरेजात, पिकअपच्या उघड्या बोनटसमोर उभं राहून आपला बाप कोरं इंजिन मागव म्हणतो, यावर भुपेंद्रचा विश्वासच बसेना.

राजकुमार मिस्त्रीने तिन्ही गोष्टी सांगून टाकल्या होत्या. नागपूरच्या कबाडीतून जुनं इंजिन आणलं तर दोन दिवसांत गाडी रस्त्यावर, पण ते आधी कोणी कसं हाणलं असेल ते देव जाणे. हेच इंजिन खोलून, बिघडलं तेवढं बदलून पुन्हा बांधता येईल. नाहीतर नवीन, म्हणजे जवळजवळ अर्ध्या गाडीची किंमत.

“हेच बांधू,” भुपेंद्र म्हणाला. “खोला, मिस्त्री.”

“खोलू नोको!” म्हातारा ओरडलाच. मग आवाज खाली आणून म्हणाला, “मेल्या इंजिनात काय पाहता? नवीन नाही तं कबाडीतलं आण. पण हे खोलू नोको.”

“बाबा, तुमी चूप बसा. यानं काय करून ठेवलं ते मले पाह्याचं आहे.”

‘यानं’ म्हणजे अमरने. चार वर्षं कोंढ्याहून भंडाऱ्याला भाजी पोचवणारा ड्रायव्हर, भुपेंद्रपेक्षा दहा वर्षांनी मोठा. पंधरा दिवसांपूर्वी गाडी ठकठक करत गावच्या चौकातच जाम झाली, तेव्हा भुपेंद्रने त्याला स्टेअरिंगवरून खाली ओढून सगळ्यांदेखत दोन ठेवून दिल्या होत्या. ऑइल न पाहता गाडी हाणतो म्हणून. तेव्हापासून गावात त्याच्या हाती कोणी ट्रॅक्टरसुद्धा देईना. आज त्याला मुद्दाम बोलावलं होतं, आपली करणी डोळ्यांनी पाहायला. तो टायरांच्या ढिगाजवळ उभा होता.

मिस्त्रीने ऑइल सोडलं. ते भरपूर होतं, स्वच्छही होतं. मग हेड काढलं, खालून पॅन सोडला, आणि दुपार होता होता एक पिस्टन बाहेर आला. त्याचा रॉड त्याने उजेडात धरला आणि बराच वेळ धरूनच ठेवला.

“भुपेंद्रभाऊ, हे ऑइलचं काम नाही. रॉड वाकला आहे. चालत्या इंजिनात पाणी घुसलं तरच रॉड असा वाकते.”

“पाणी? पाणी कुठून आलं?”

मिस्त्रीने बाजूला काढून ठेवलेला एअर फिल्टरचा डबा उघडला. आत वाळलेला गाळ होता, शेवाळ होतं. आणि गाळात चिकटून एक बोटभर मासोळी होती, वाळून कडक झालेली.

तीस वर्षांत मिस्त्रीला इंजिनात उंदीर सापडले होते, एकदा पिल्लांसकट चिमणीचं घरटंही सापडलं होतं. पण तळ्यातली मासोळी? त्याने ती उचलली, उलटीपालटी करून पाहिली आणि पुन्हा होती तिथेच ठेवली.

भुपेंद्रच्या डोक्यात सणक गेली. “गाडी तळ्यात घातली तुनं?” तो हात उगारून अमरवर धावला.

“त्यानं नाही रे! मीच घातली!”

भुपेंद्र हात तसाच वर ठेवून वळला. म्हातारा ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसला होता.

“पोळ्याचा आदला दिवस होता. तू सासरी गेला होता. म्हटलं, सारं गाव आज बैल धुवाले तळ्यावर नेईन. आपले बैल तं या गाडीसाठी इकले. आता हेच आपलं जनावर, हेच आपल्याले पोसते. मंग हिले धुवाचं नाही का? झुंजूमुंजूलेच नेली. टिकारामचे बैल पोटभर पाण्यात उभे होते, म्हून मी बी तेवढीच आत नेली. घरघर केलं अन् बंद पडली. त्याच्याच बैलांनं ओढून काढली. कोणाले सांगू नोको म्हून टिकारामले आण घातली.” त्याने बोनटकडे बोट केलं. “घरी आणून बैलाच्या खांद्याले लावते तसं हळद-तूप लावलं. हिचा खांदा कुठं असते, समजलं नाही. बोनटलेच लावलं. दुसऱ्या दिवशी चालू झाली. मले वाटलं, झालं नीट.”

भुपेंद्र ऐकत होता, पण त्याला दिसत होता तो चौक. पानठेल्यासमोरची गर्दी, अमरची खाली पडलेली टोपी, आणि त्या गर्दीत उभा असलेला, टोपीकडे पाहत राहिलेला आपला बाप.

तो अमरकडे वळला. “तुले मालूम होतं?”

“हाव, भाऊ. पोळ्याच्या सकाळी गाडी घ्याले आलो तं बोनटवर हळद होती, अन् ऑइल दुधावानी पांढरं. ऑइल बदलवलं. हळद पुसून टाकली.”

“मंग चौकात काहून नाही बोलला? मार कायले खाल्ला?”

अमरने म्हाताऱ्याकडे पाहिलं. भुपेंद्रचा हात अजून वरच होता, आणि त्या हाताकडे पाहत भैय्यालालने दोन्ही पंजे आपल्या डोक्यावर धरले होते.

“चौकात लोकं होते, भाऊ, म्हून तुमी दोनातच थांबले,” अमर म्हणाला. “घरात बाबाजीले वाचवाले कोण होतं?”