वरच्या मजल्याची जाहिरात

"हे होमस्टे नव्हे," सुंदररावांनी जाळीच्या दाराआडूनच सांगितले. "तुम्हांस कोणी फसविले आहे."

बाहेर दोन बॅगा घेऊन एक बाई उभ्या होत्या. सोबत कॉलेजातली मुलगी. दोघी साताऱ्याहून निघून सकाळच्या गाडीने कुंभकोणमला उतरल्या होत्या. बाईंनी मोबाइल पुढे केला. त्यावर सुंदररावांच्याच घराचा फोटो होता. पिवळी भिंत, वरच्या मजल्याची गच्ची, आणि खाली लिहिले होते, 'महामहम तळ्याजवळ, पिढ्यान्पिढ्या इथे राहिलेल्या मराठी कुटुंबाचे घर'.

"पण त्यांनी सांगितलं होतं की तुम्ही असं म्हणाल, आणि मग..."

"त्याचे सगळे खोटे," सुंदरराव म्हणाले. "स्टेशनाजवळ चांगली लॉज आहेत. तिकडे जा."

महिन्याभरातली ही चौथी खेप होती. पहिली मंडळी आली तेव्हा घराला कुलूप होते. शेजाऱ्यांनीच त्यांना वाटेला लावले. दुसऱ्यांना सुंदररावांनी खिडकीतूनच परतवले. तिसरा गृहस्थ नागपूरचा. तो दार ठोकत "अहो, ऐकून तरी घ्या!" म्हणून ओरडू लागला, तेव्हा त्यांनी पोलिसांना फोन केला. जाता जाता त्याने भर गल्लीत त्यांना चोर म्हटले. चाळीस वर्षे शाळेत गणित शिकवलेला माणूस. त्यानंतर आठ दिवस ते भाजी आणायलाही बाहेर पडले नाहीत.

हे काम कोणाचे याबद्दल त्यांना शंका नव्हती. मुलगा, राघव, बँकॉकला हॉटेलात नोकरीला गेल्यावर वरचा मजला त्यांनी मुरली नावाच्या एका भाडेकरूला दिला होता. तो भांडून गेला. फोटो त्यानेच काढले असणार. पोलिसांकडे केलेल्या तक्रारीत त्यांनी मुरलीचे नाव ठळक अक्षरांत घातले होते.

राघवचा अकरा महिन्यांत फोन नव्हता. त्याने परदेशी जाऊ नये म्हणून बापलेकांचे कडाक्याचे भांडण झाले होते. तेव्हापासून सुंदरराव त्याचे नाव काढत नसत. त्यांच्या पत्नी सीतालक्ष्मी काढत असत, पण एकट्या असल्या की.

आजच सकाळी पोलीस ठाण्यातून फोन आला होता. सायबरचे काम पाहणारा तरुण अधिकारी तमिळमध्ये म्हणाला, "सर, तुमचं काम झालं. ती जाहिरात काढायला लावली, खातंही गोठवलं."

"मुरली सापडला?"

"मुरलीचा यात काही संबंध दिसत नाही. हे सगळं परदेशातून चालतं. नोकरीच्या आमिषाने माणसं नेतात आणि कोंडून ही कामं करवून घेतात. ज्याचं खातं बंद पडतं, त्याचं तिथं काय होतं ते विचारू नका."

"होऊ दे," सुंदरराव म्हणाले होते. "लोकांना लुबाडतात. चांगली अद्दल घडू दे."

आता ते आतले दार लावायला वळले, तोच सीतालक्ष्मी स्वयंपाकघरातून आल्या आणि त्यांनी जाळीची कडी काढली.

"ऊन किती आहे! आत या हो. फिल्टरची कापी पिऊन जा."

बाई आत आल्या, खुर्चीवर टेकल्या आणि रडू लागल्या. नवरा मार्चमध्ये गेला होता. इथली देवळे पाहायची त्याची फार इच्छा होती, म्हणून आलो, असे मुलीने हळू आवाजात सांगितले.

सुंदरराव समोर येऊन बसले. मग ते मास्तरांसारखे विचारू लागले. "सगळे पैसे आधीच मागितले असतील?"

"हो."

"वेबसाइट सोडून, थेट दुसऱ्या खात्यावर?"

"हो."

"भाडे इतरांच्या निम्मे. आणि व्हिडिओ कॉलवर घर दाखवा म्हटले तर नाही म्हणाला."

"हो. आम्हाला कळत नव्हतं असं नाही," मुलगी म्हणाली. "मी आईला दोनदा म्हटलं, यात काहीतरी गडबड आहे. पण ते मराठीत लिहायचे ना. आधी इंग्लिशमध्ये बोलणं चाललं होतं. आम्ही साताऱ्याचे म्हटल्यावर एकदम मराठी सुरू झालं. जुनं, पोथीतल्यासारखं. तुम्ही बोलता ना, अगदी तसंच. असं बोलणारा माणूस फसवेल असं वाटलंच नाही."

सुंदररावांनी कापीचा पेला खाली ठेवला. मुरली मदुरैचा. त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता.

"काय लिहिले होते?" सीतालक्ष्मींनी विचारले.

"आम्हाला वाटलं, घरातलाच मुलगा आहे आणि वडिलांशी पटत नाही. म्हणून तर तुम्ही नाही म्हणालात तरी आम्ही दारातून हललो नाही. काल संध्याकाळी शेवटचा मेसेज आला. तो आधी तुम्हाला वाचून दाखवा, मगच बॅगा आत न्या, असं बजावलं होतं."

मुलीने मोबाइल वर सरकवला आणि शब्द लागतील तसे वाचू लागली.

"'अप्पा दार उघडणार नाहीत. उघडिले तर त्यांस इतुके सांगा, राघवाने पाठविले. येथून घरी फोन करू देत नाहीत. ही भाषा येथे कोणास कळत नाही, म्हणून तुमच्या हाती निरोप देतो. अप्पांस म्हणावे, जाहिरात बंद करवू नका. ती आहे तोवरच मी आहे.'"