डोक्याचं माप

"हलू नका. तुम्ही हललात की माप हललंच समजा," विगवाल्या बाई म्हणाल्या.

धाकटी श्वास रोखून बसली. माहेरी आणि सासरीही सगळे तिला धाकटीच म्हणत. चाळिशी उलटली तरी नाव काही वयात आलं नव्हतं. तिचे आखूड कापलेले केस बाईंनी पातळ जाळीच्या टोपीखाली चापून बसवले होते. टेप कपाळावरून निघाली, कानांच्या वरून गेली आणि मागे मानेच्या खळग्यात मिळाली. खाली एक बोट सरकेल एवढीच जागा त्यांनी ठेवली.

"साडेएकवीस इंच."

"आत कितपत माल आहे तेही बघून घ्या," कोपऱ्यातल्या स्टुलावरून नवरा म्हणाला. "मी लग्नापासून अंदाज बांधतोय."

बाई हसल्या. धाकटीनं आरशातूनच त्याच्यावर डोळे वटारले. एरवी ती हसली असती. त्यालाही ते ठाऊक होतं. गप्प बसवत नव्हतं म्हणून तो बोलत होता.

मग कपाळापासून मानेपर्यंत डोक्यावरून एक माप झालं, या कानापासून त्या कानापर्यंत दुसरं. बाईंनी प्रत्येक माप पुन्हा घेतलं.

"सैल झाला की टोप फिरतो, घट्ट झाला की कपाळ ठणकतं," त्या म्हणाल्या. "केस कसे हवेत?"

धाकटीनं पर्समधून फोटो काढला. पाठमोरी बाई, खिडकीत उभी. कमरेपर्यंत दाट, लाटालाटांचे केस.

"अगं बाई! एवढे केस कापायचे म्हणजे जिवावर आलं असेल."

धाकटीनं फोटोची दुमडलेली कड बोटानं सरळ केली. बाईंनी पुढे विचारलं नाही. त्यांच्या दुकानात कोण कशासाठी येतं हे त्यांना सांगावं लागत नसे. त्यांनी फक्त खुर्ची थोडी आरशापासून वळवली.

"घरी सगळ्यांना माहीत आहे?"

"आई सोडून सगळ्यांना. तिचं हृदयाचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणाले, धक्का बसता कामा नये."

"मग लांबून बघतील तर काही कळणार नाही. निर्धास्त राहा."

"तिला दिसत नाही," धाकटी म्हणाली. "डोळे गेलेत. पण हातांना सगळं दिसतं. आम्ही गेलो की पहिला हात डोक्यावर. वेणीसुद्धा घालेल."

बाईंचे हात थांबले. वेणी म्हणजे ओढाओढ आली. त्यांनी पुन्हा टेप उचलली आणि मानेवरच्या केसांच्या रेषेची रुंदी घेतली.

"आतून क्लिपा लावते, तुमच्या केसांत अडकतील. पुढे केस गेले की मात्र दुसरी सोय बघावी लागेल."

"तोवर पुरेल."

नवरा उठून उगाचच बाहेर जाऊन आला.

विग तयार झाला तेव्हा बाईंनी तो तिच्या डोक्यावर बसवला, क्लिपा लावल्या आणि दोन्ही हातांनी केस धरून खसकन ओढले. धाकटी ओरडली.

"छान!" बाई म्हणाल्या. "दुखलं म्हणजे बसला."

आरशात पाहून धाकटीचा चेहरा एकदम उतरला. नवऱ्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. या वेळी त्याला विनोद सुचला नाही.

रविवारी ती दोघं भावाकडे गेली. आई त्याच्याजवळ राहायची. भावानं दार उघडलं आणि तिला बघताच तो एक पाऊल मागे सरला.

"जमेल तुला?" त्यानं हळूच विचारलं.

"न जमून सांगते कुणाला?"

आई खिडकीजवळच्या पलंगावर उशीला टेकून बसली होती. पावलं वाजली तशी तिनं मान वळवली. धाकटी जवळ बसली. म्हाताऱ्या हातानं आधी तिचं मनगट शोधलं, मग खांदा, मग केस. बोटं लाटांमधून खालपर्यंत गेली आणि परत वर आली.

"आलीस का गं, थोरले?"

"आले आई," धाकटी म्हणाली. दोघी बहिणींचे आवाज पहिल्यापासून एकासारखे एक. फोनवर वडीलसुद्धा फसायचे. फक्त थोरली संथ बोलायची. धाकटीनं एकेक शब्द सुटा केला. "कामातून सुटताच येत नव्हतं गं."

आई ऑपरेशननंतर दवाखान्यात होती, त्याच आठवड्यात थोरलीच्या गाडीला अपघात झाला होता. तेव्हापासून आई रोज तिची वाट बघायची आणि रोज कुणीतरी नवी थाप मारायचं. थापा संपत आल्या होत्या.

"वळ तिकडे. काय हे, पिंजारून आलीस," आई म्हणाली.

तिनं केसांचे तीन पेड केले आणि वेणी घालायला घेतली. एक पेड घट्ट ओढला. धाकटीनं डोळे मिटून घेतले. विग तसूभरही हलला नाही. दाराशी उभ्या नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. भाऊ आत पाणी प्यायला गेला.

आईनं थोरलीच्या नवऱ्याची चौकशी केली, मुलांची केली. धाकटी सांगत गेली. आई हं, हं करत राहिली. वेणी संपली तशी तिनं शेवटाला रबर लावलं आणि वेणीवरून सावकाश हात फिरवला.

"छान झाली. आता जाशील तू," ती म्हणाली. "जाता जाता धाकटीला माझा एक निरोप दे."

"काय सांगू?"

"म्हणावं, थोरली गेली ते मला केव्हाच कळलंय. आता तू एकदा माझ्या कुशीत येऊन रडून घे."