खिडकीतली होडी

“बूट दारातच काढायचे आणि त्यांची तोंडं बाहेर करून ठेवायची,” रविकांतांनी टॅबलेटवरून मोठ्यानं वाचलं. “हे जमेल. पुढचं कठीण आहे. गादी रोज सकाळी स्वतः गुंडाळून कपाटात ठेवायची.”

“तुम्ही?” सुनेत्रा डबा भरता भरता हसली. “इथे साधी उशी उचलत नाही.”

“तिकडे उचलीन.”

जपानमधलं ते समुद्रकाठचं लाकडी घर रविकांतांना आता कॅनडातल्या सरे शहरातल्या आपल्या टाउनहाउसइतकंच पाठ झालं होतं. कागदी सरकती दारं, चटयांची जमीन, बुटकं टेबल आणि समुद्राकडे उघडणारी मोठी खिडकी. लॅपटॉपवर काम करणाऱ्यांना ते महिनोन्‌महिने भाड्यानं मिळायचं. त्यांची लेक अनुया जूनपासून तिथे होती.

रविकांत पूल बांधणारे इंजिनिअर. हेल्मेट घालून साइटवर गेल्याशिवाय काम झालं असं त्यांना कधी वाटलंच नाही. अनुयानं ऑफिस सोडून घरून करायची नोकरी धरली, तेव्हा त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला. “पायजम्यात बसून पगार खाणाऱ्यांना माझ्या घरात जागा नाही,” हे वाक्य तोंडून सुटलं ते सुटलंच. दुसऱ्याच दिवशी अनुयानं ते घर शोधून काढलं. “आय फाउंड अ प्लेस. सी-फेसिंग,” एवढंच म्हणाली.

निघाली त्या दिवशी ती दारात बसून कितीतरी वेळ बुटांच्या नाड्या बांधत होती. रविकांत सोफ्यावर बातम्या बघत होते. बातम्या कसल्या होत्या, ते त्याच संध्याकाळी त्यांना आठवेना. नाड्या मात्र अजून आठवत होत्या. ‘राहा’ म्हणायला काय जात होतं? मग टॅक्सी आली आणि ती गेली.

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल. तिकडे तेव्हा रविवारची सकाळ. अनुयाच्या मागे ती खिडकी, खिडकीत निळा समुद्र आणि कायम तीच एक होडी.

“ह्या कोळ्याला कामधंदा नाही का गं?” एकदा रविकांतांनी विचारलं होतं.

“ही वर्क्स फ्रॉम होम, बाबा.”

दोघंही हसले होते. मग हवा कशी आहे, झोप लागते का, जेवलीस का. खरं बोलायचं ते दोघंही पुढच्या शनिवारवर ढकलायचे.

सुनेत्राला लेकीची काळजी कशी वाटत नाही, ह्याचं रविकांतांना नवल वाटे. “नीट जेवते ती,” म्हणून ती मोकळी व्हायची. तिची सगळी काळजी मागच्या गल्लीतल्या वनिताची. ह्या मैत्रिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिच्याकडे रोज डबा जात होता. थालीपीठं, खिचडी, आज तर पुरणपोळ्या. ऑपरेशन गुडघ्याचं, पण बाईला भूक भलतीच लागलेली दिसत होती.

“ऐक,” रविकांत म्हणाले. “मी तिकीट काढलंय. पुढच्या गुरुवारचं. आज सांगणार तिला.”

सुनेत्राचा हात डब्याच्या झाकणावर थांबला. “अहो, इतक्या लांब कशाला जायचं?”

“मग काय करू?”

“घरी ये म्हणा. सरळ म्हणा.”

“फोनवर? जे बोललो ते तोंडावर बोललो होतो. मग माफीही समोर जाऊनच मागायला नको का?”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण पिशवी उचलली. “मी वनिताकडे जाऊन येते. तुम्ही दोघंच बोला आज. आणि आइस्क्रीमची गाडी आली तर माझ्यासाठी एक घेऊन ठेवा.”

ती गाडी उन्हाळाभर संध्याकाळी यायची. आधी वनिताच्या गल्लीत थांबायची, मग वळसा घालून ह्यांच्याकडे. तिच्या स्पीकरमध्ये काहीतरी बिघाड होता. धून मध्येच अडखळायची, तोच सूर तीनदा घ्यायची आणि मग पुढे जायची. रविकांतांमधला इंजिनिअर दर वेळी कळवळायचा. “भाईसाब, स्पीकर ठीक करवाओ,” असं त्यांनी ड्रायव्हरला सांगूनही पाहिलं होतं. पण तो नुसता हसायचा.

रविकांतांनी खिडकीजवळची खुर्ची धरली आणि कॉल लावला. अनुया आली. मागे समुद्र, होडी.

“अनु, मी येतोय. पुढच्या गुरुवारी विमान आहे.”

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “इकडे? जपानला? बाबा, नो. प्लीज.”

“कामात लुडबुड नाही करणार. एका कोपऱ्यात बसेन. तुला काम करताना बघायचंय फक्त.” ते स्क्रीनकडे झुकले. “त्या दिवशी मी जे बोललो ना, ते चुकलो मी. सोफ्यावरून उठलो नाही, तेही चुकलं. समोर बसून सांगणार होतो, पण राहवलं नाही.”

अनुया रडायला लागली. “‘घरी ये’ एवढंच म्हणायचं होतं, बाबा. त्या दिवशी मी दारात वाट बघत होते. आय वुड हॅव स्टेड.”

“मग ये ना आता. ये घरी, बाळा. मी एअरपोर्टवर येऊन उभा राहतो. कितीही तासांचा प्रवास असू दे.”

ती काही बोलायला गेली, तोच तिच्या मागून, त्या समुद्राच्या बाजूनं, एक धून ऐकू आली. लहान मुलांच्या खेळण्यातून यावी तशी. मध्येच ती अडखळली. तोच सूर तीनदा लागला आणि मग धून पुढे गेली. अनुयानं घाईघाईनं माइकवर हात ठेवला.

रविकांतांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. गल्लीत सगळं शांत होतं. त्यांच्याकडे गाडी अजून यायची होती.