उजव्या हाताचं पीठ

डाव्या हातानं मळलेला गोळा चांगला टम्म फुगला होता, वरचं फडकंसुद्धा उचलून धरलं होतं त्यानं. उजव्या हाताचा मात्र मख्खासारखा होता तिथंच बसलेला. पीठ एकाच पोत्यातलं, खमीर एकाच बरणीतलं. बेकरीवाल्यानं त्यात बोट खुपसलं. खळगा पडला तो पडलाच.

"अहो, भट्टीजवळ ठेवा की जरा," बायको म्हणाली.

"दोन्ही भट्टीजवळच होते!"

तिनं कपाळाला हात लावला. "घ्या! म्हणजे आता डाव्या हाताचे पाव उजवे ठरणार."

एरवी तो खो-खो हसला असता. पट्टी सुटून हात कामाला लागला तेव्हापासून पाव चपटे निघत होते, गिऱ्हाइकं नाकं मुरडून परत जात होती, आणि हा बापडा पिठाला शिव्या घालत होता. त्यानं तळवा उजेडात धरला. भट्टीच्या दाराला चिकटून असा भाजला होता की बघवत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी चांदीच्या कणांचा लेप असलेली पट्टी लावली, कण इतके बारीक की डोळ्यांना दिसायचे नाहीत. "काका, इथं आता एक जंतू जगायचा नाही," त्या म्हणाल्या होत्या. आणि खरंच, ना पू, ना वास. नवी कातडी गुळगुळीत आली, फक्त जराशी करडी चमकायची.

खमीर तरी काय, जिवंतच की ते! त्यानं वाटीत चमचाभर खमीर काढलं. बुडबुडे मजेत वर येत होते. भीतभीत त्यानं उजवं बोट बुडवलं. होते ते बुडबुडे फुटले, नवा एकही आला नाही.

"अगं आई गं," त्याच्यापुढची वाटी उचलून घेत बायको पुटपुटली. "धुवा तो हात. घासून धुवा."

तो साबण लावून कातडी लाल होईस्तोवर घासत राहिला. पण करडी चमक काही जाईना. त्याला आता त्या हाताची भीतीच वाटू लागली.

"बाबा!" दिवस भरत आलेली लेक पोट सावरत दारातून आत आली. "बाळ नुसता धिंगाणा घालतंय. हात लावून बघा ना!"

"थांब गं, ओला आहे हात," म्हणत त्यानं तो पाठीमागे लपवला.

"असू दे हो! आजोबांचाच तर आहे." तिनं हसत तो ओढला, पोटावर ठेवला आणि वरून आपले दोन्ही हात घट्ट दाबले.

तळव्याखाली एक सणसणीत लाथ बसली. त्यानं हात ओढून पाहिला, ती सोडेना. दुसरी लाथ बसली, हलकी. तो वाट पाहत राहिला. बायकोच्या हातातली वाटी खाली पडली.

"बघा, बघा," लेक कौतुकानं म्हणाली, "हात लागला आणि कसं गप्प झालं!"