सगळं दिसणारं कार्ड

बाबारावांनी खिशातून सुतळी काढली आणि दुकानाच्या काचेवर ताणून धरली. सुतळीला मध्येच एक गाठ होती.

"गाठीपर्यंत कम्प्युटरच्या डब्याची उंची, अन् पुरी सुतळी म्हंजे लांबी. एवढ्यात बसन असं कार्ड दे."

दारव्ह्याच्या त्या कम्प्युटरच्या दुकानात सुनीलनं हरतऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. पण घरी राहिलेल्या माणसाच्या चपलेचं माप आणावं तसं ग्राफिक्स कार्डाचं माप आणणारे हे पहिलेच.

"काका, डबाच घेऊन यायचं ना. एवढासा तर आहे."

"अंकुर हात लावू देत नाही त्याले. तो आंघोळीले गेल्ता, तवा मापलं."

हसण्यासारखंच होतं, पण सुनील हसला नाही. बाबारावांच्या अंकुरचं काय झालं, ते बोरी अरबपासून दारव्ह्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. दिवाळीनंतर तो कापसानं भरलेली पिकअप घेऊन निघाला होता. दिवेलागणीची वेळ. वळणावर तांड्यावरची जमनी डोक्यावर मोळी घेऊन एकाएकी रस्त्यात आली. ब्रेक लागला, पण व्हायचं ते त्याआधीच होऊन गेलं. पोराची चूक नव्हती, असं पोलीस म्हणाले, गाव म्हणालं, जमनीचा लेकसुद्धा म्हणाला. अंकुर काहीच म्हणाला नाही. तेव्हापासून पिकअप अंगणात ताडपत्रीखाली उभी होती आणि पोरगा खोलीत बसून होता.

खोलीत तो एकच काम करायचा. सकाळपासून ट्रक चालवायचा गेम खेळायचा. टेबलावर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याएवढा कम्प्युटर आणि पडद्यावर आपल्याकडच्यासारखा वळणावळणाचा रस्ता. बाबाराव दाराशी उभे राहून बघत राहायचे. पोरगा वळणं घेतोय, गिअर टाकतोय, हे बघून त्यांना बरं वाटायचं. आज पडद्यावरची चालवतोय, उद्या अंगणातली काढेल. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, बाबारावांची काडी ही होती. आणि त्याची आई रुक्माबाई रोज देवापुढे हात जोडून एकच मागायच्या, माझं लेकरू माणसात येऊ दे.

पण उन्हाळा लागला आणि ते डबडं तापून मध्येच बंद पडू लागलं. चित्रही कसलं, धुरकट. ना झाड, ना सावली. रस्ता म्हणजे नुसती काळी पट्टी, लांबच लांब, ओसाड. एक दिवस बाबारावांनी विचारलं, "नवं कार्ड टाकू का रे त्याच्यात?"

"नको बाबा. हेच बरं आहे."

पोरगा भिडेपोटी नाही म्हणतोय, असं बापानं ठरवून टाकलं. बापांना अशा गोष्टी फार लवकर ठरवता येतात.

सुनीलनं सुतळी टेपला लावली. मग आतून दोन खोकी आणून समोर ठेवली.

"डबा लहान आहे, आतला पावर सप्लायही लहानच असन. त्याच्यात हे दोनच बसतात. हे स्वस्त. थंड राहते, गेम बंद पडणार नाही. पण दिसन आत्ता दिसते तसंच."

"अन् हे?"

"हे थोडं महाग जाईन. पण याच्यात सगळं दिसते काका. झाडाचं पान न् पान, सावल्या, बाजार, माणसं. सगळं."

बाबारावांना विचार करावाच लागला नाही.

"मंग तेच दे. माह्या पोराले सगळं दिसलं पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनील स्वतः बोरीला बाबारावांच्या घरी आला. नवी गाडी दारात आल्यावर करतात तसं रुक्माबाईंनी खोक्याला हळदीकुंकू लावलं आणि नारळ फोडला. अंकुर खाटेवर बसून बघत होता. जुनं कार्ड निघालं, नवं आत गेलं. बोटभर जागा उरली. बाबारावांची सुतळी खरी ठरली, आणि ते त्या बोटभर जागेवरही खूश झाले. सुनीलनं कम्प्युटर चालू केला, गेममधलं जे जे कमी करून ठेवलेलं होतं ते सगळं वाढवलं आणि खुर्ची रिकामी केली.

"घे अंकुर. चालव आता."

पडदा उजळला. ती काळी पट्टी गेली आणि खरोखरचा रस्ता आला. निंबाची सावली आली, चहाची टपरी आली, सायकलवाला आला. शाळेची पोरं कडेनं चालली होती.

"अरे वा! बोरीच्या बाजारासारखंच दिसून राह्यलं," बाबाराव म्हणाले. सहा महिन्यांत या घरात कोणी असं मोठ्यानं बोललं नव्हतं.

अंकुरनं ट्रक काढला. एक वळण घेतलं, दुसरं घेतलं. पुढे रस्त्याच्या कडेला एक बाई उभी होती. डोक्यावर पदर, हातात पिशवी. ती जागची हललीसुद्धा नाही. ट्रक तिच्या बाजूनं सरळ निघून गेला. तिला काहीही झालं नाही.

पण टेबलाखाली अंकुरचा उजवा पाय धाडकन फरशीवर आदळला. तिथं ब्रेक नव्हता, काहीच नव्हतं. तरी तो पाय फरशी दाबत राहिला. रुक्माबाईंच्या हातातली खोबऱ्याची वाटी तशीच राहिली.

अंकुरनं हळूच कीबोर्डवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. मग सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं मान वर करून बापाकडे सरळ पाहिलं.

"जुनंच बसवा, बाबा. त्याच्यात रस्त्यावर कोणीच नसते."