कधीच न पडलेली आवृत्ती

पाचवी आवृत्ती या गुरुवारी सुरू करायचीच, असं शुरूकनं तिसऱ्यांदा सांगितलं आणि सगळ्यांच्या नजरा वगदीकडे वळल्या. आता हा नाही म्हणणार, मग चहा येणार, मग बैठक संपणार. सहा वर्षं याहून वेगळं काही घडलंच नव्हतं.

कैरोतल्या अकरा रुग्णालयांना कुठलं रक्त कुठल्या पेढीत शिल्लक आहे, ते सांगणारं सॉफ्टवेअर ही कंपनी चालवायची. सध्या चालू होती ती चौथी आवृत्ती, वगदीनं स्वतः लिहिलेली. कोणी नवी सोय घालायची म्हटलं की त्याचं एकच वाक्य ठरलेलं, चालत्या गाडीला खीळ घालू नका. शुरूक नव्या आवृत्तीची प्रमुख, वयानं त्याच्या मुलीएवढी. ती त्याला गतिरोधक म्हणायची, पाठीमागेही आणि तोंडावरही.

पण आज वगदी म्हणाला, "पाच सुरू करा."

शुरूकला वाटलं, हजला निघालेला माणूस सगळ्यांचे हिशेब मिटवून जातो, त्यात माझाही नंबर लागला असेल.

हजचं सगळ्यांनाच ठाऊक होतं. सात वर्षं अर्ज केल्यावर यंदा सोडतीत वगदी आणि त्याची बायको, दोघांचीही नावं निघाली होती. एकोणीस दिवसांनी विमान होतं आणि तीन आठवड्यांची रजा हवी होती. सहा वर्षांत त्यानं एक दिवस रजा घेतलेली नव्हती. रोज पहाटेची नमाज तो ऑफिसात येऊनच पढायचा, ईदलासुद्धा. मुलाच्या लग्नाला मन्सूरा शहरात सगळे आदल्या दिवशी गेले, हा नवरदेवाचा बाप दुपारी उगवला. सर्व्हरला बाहेरून कोणी हात लावायचा नाही, काय करायचं ते सर्व्हरच्या खोलीत येऊनच, हा नियमही त्याचाच. दरवान अब्दुल तव्वाब त्याला थट्टेनं म्हणायचा, जमिनीला कपाळ टेकून इतके सजदे करता, तरी कपाळावर घट्टा कसा पडत नाही हो तुमच्या? वगदी हसून पुढं जायचा. अलीकडे त्याला जिना चढतानाही दम लागत होता.

"उस्ताज, चारमध्ये खोट काय आहे?" संचालक हाझिमनं वगदीला विचारलं. तो त्याला आदरानं उस्ताजच म्हणायचा.

"जुनी झाली."

"आम्हीही झालो. खोट काय ते सांगा."

वगदीनं चहाचा पेला हातात फिरवला. "काही नाही," तो म्हणाला.

हाझिमनं चारच्या रोजच्या नोंदींची वही उघडली. वगदीच्या सुबक अक्षरात दर दिवसाची एक ओळ होती, चार बंद पडली : शून्य मिनिटं. हाझिम पानं उलटत गेला. शून्य, शून्य, शून्य. याच वहीच्या जोरावर कंपनीला एकामागून एक रुग्णालयं मिळाली होती. मग त्यानं शुरूकला विचारलं, पाच तीन आठवडे एकदाही पडणार नाही, अशी शपथ घेशील का? शुरूक सरळ मुलगी. चाचणीत दोनदा अडखळली होती, दुरुस्त केली आहे, पण शपथ घेणार नाही, असं तिनं सांगून टाकलं.

"मग हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं?" हाझिमनं वही मिटली. "पाच पुढच्या वर्षी बघू. आणि उस्ताज, रजा मंजूर. खुशाल जा. चार काय, झोपेतही चालेल. तिथं आमच्यासाठी दुआ तेवढी मागा."

शुरूकनं वगदीला जिन्यात गाठलं. "सहा वर्षं मला अडवलंत. आज पहिल्यांदा हो म्हणालात, तर तुमची वहीच आडवी आली."

"माझीच वही," वगदी म्हणाला. त्याला आणखी काहीतरी बोलायचं होतं असं तिला वाटलं, म्हणून ती थांबली. तो कठड्याला धरून सावकाश खाली उतरला.

घरी त्याच्या बायकोनं, सफीनाजनं, त्याच्यासाठी आणलेली हजला नेसायची इहरामची पांढरी वस्त्रं पलंगावर पसरून ठेवली होती. वगदी त्यांच्याशेजारी बसला. तिनं जावं, हजच्या गटात तिची बहीण आहेच, आपल्याला काही जमायचं नाही, असं त्यानं सांगितलं.

"रजा नाही दिली?"

"दिली."

सफीनाजला राग आला आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. नेहमीसारखी तिनं मुलाच्या नावानं, तामेरचा बाप म्हणून, त्याला हाक मारली. "अबू तामेर, सहा वर्षांत ते एकदा तरी पडलंय का?"

"नाही."

"मग तुमच्यावाचून काय अडणार आहे तिथं?"

तिनं दोन्ही वस्त्रांची घडी घातली आणि कपाटात अगदी वरच्या फळीवर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटेची अजान व्हायच्या आत अब्दुल तव्वाबनं रोजच्यासारखं फाटक उघडलं. आमच्यासाठीही दुआ मागा, असं तो म्हणाला, आणि मागतो म्हणत वगदी वर गेला.

नमाजच्या चटईकडे न बघता तो थेट सर्व्हरच्या खोलीत शिरला. चार रोजच्यासारखीच गुदमरून बंद पडली होती. अकराही रुग्णालयांच्या पडद्यांवर 'थोडं थांबा' आलं होतं, आणि अजानच्या वेळी थोडं थांबायला कैरोत कोणाची ना नसते. वगदीनं अडकलेल्या नोंदी एकेक करून हातानं सोडवल्या, चार पुन्हा सुरू केली, वही पुढं ओढली आणि आजच्या तारखेसमोर सुबक अक्षरात लिहिलं, शून्य मिनिटं.